कोरड्या तळ्यातली लाल गाडी

गेल्या रविवारी माझ्या नातीने फोनवर तिची गाडी दाखवली. दोघांपुरती, बुटकी, जुनी, पण पळायला तेज. ती आणि तिचा भाऊ त्या गाडीत शर्यतीचे पट्टे बसवत होते. दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून, आणि चारही पोटावरच्या एका कडीत अडकतात. "आजी, आता गाडी उलटी झाली तरी मी सीटलाच चिकटून राहीन," असे ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. फोन बंद झाल्यावर मात्र बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. तसेच निळे पट्टे मी एकदा मुद्देमाल म्हणून जप्त केले होते.

नोकरीतले पुष्कळ गुन्हे मी विसरले. हा विसरले नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. दूर असलेल्या माझ्या दोन नातवंडांसाठी तो लिहून ठेवते आहे. इतर कोणी वाचला तरी हरकत नाही. नाव मात्र कोणाचेच देत नाही.

बीड जिल्ह्यात दुष्काळाचे दुसरे वर्ष चालू होते. वडवणीच्या बाजूच्या एका लहान ठाण्याची मी निरीक्षक होते. श्रावण संपत आला तरी पाऊस नव्हता. ठाण्यातल्या माठात पाणी भरायचे की हात धुवायच्या पिंपात टाकायचे, यावरून सकाळी अंमलदारांत वाद व्हायचा. हजेरी झाली की निम्मी माणसे टँकरच्या बंदोबस्ताला जात आणि उरलेली चारा छावणीवर. तालुक्यातला सहकारी साखर कारखाना उसाअभावी बंद पडला होता. ऊस उतरवण्याच्या त्याच्या मोकळ्या यार्डात छावणी उघडली होती आणि गावोगावची जनावरे तिथे बांधलेली होती. त्यामुळे गावांतले गोठे रिकामे होते. दिवस उजाडल्यावर गावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत नाही, याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले.

कारखान्याच्या अध्यक्षांचे गाव तळ्याच्या काठावर होते. तळे पूर्ण आटले होते. तळ भेगाळला होता, पण मैदानासारखा सपाट होता. बायकांनी मधल्या खोलगट भागात झिरे खणले होते, म्हणजे हाताने उकरलेले पाण्याचे खड्डे. वाटीवाटीने पाणी भरून त्या घागरी घरी नेत. त्याच तळ्यात अध्यक्षांचा मुलगा, ज्याला गाव 'धाकटे मालक' म्हणायचे, आपली लाल गाडी पळवत असे. पुण्याहून आणलेली, परदेशी बनावटीची, दोन सीटची गाडी होती ती. आमच्या रस्त्यांवरून तिचे पोट घासायचे. तिला हवा तसा सपाट रस्ता आटलेल्या तळ्यानेच दिला होता.

पोळ्याच्या दिवशी दुपारी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "मॅडम, तळ्यात गाडी पालथी झालीया. मालक बेसूद हायती."

आम्ही पोहोचलो तेव्हा माणसे धाकट्या मालकांना जीपमध्ये घालून निघाली होती. गाडी एका मोठ्या झिऱ्यात तोंड खुपसून आडवी पडली होती. त्या वर्षी पोळ्याला मिरवायला बैल नव्हते, म्हणून धाकट्या मालकांनी गाडीच मिरवायचे ठरवले होते. सारा गाव काठावर बसून बघत होता. तिसऱ्या फेरीला पुढचे चाक झिऱ्यात गेले. नशिबाने त्या झिऱ्यावरच्या बायका गाडी वळताना बघून बाजूला पळाल्या होत्या.

गाडीत चार ठिकाणी बांधून घेणारे पट्टे असूनही धाकट्या मालकांचे डोके पुढे आपटले होते. दोन्ही गळपट्टीची हाडे मोडली होती. बीडच्या डॉक्टरांनी त्यांना मोठ्या शहरात हलवले, आणि शुद्ध कधी येईल ते सांगता येत नाही असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष ठाण्यात आले. तक्रार तयार होती. पट्टे बसवणाऱ्या मिस्त्रीने मुलाच्या जिवावर उठून पट्टे मुद्दाम ढिले ठेवले, असे त्यांचे म्हणणे होते.

"कारण काय असेल?" मी विचारले.

"भांडण झालतं दोघांचं. चार लोकांपुढं. हाटेलवाल्याला विचारा."

हॉटेलवाल्याला विचारले. भांडण खरेच झाले होते. त्यात भर म्हणजे मिस्त्रीच्या गॅरेजचे शटर बंद होते. मोटार वाहन निरीक्षकांनी ठाण्याच्या आवारात आणलेली गाडी तपासली. बोल्ट जागेवर होते. पट्टा कुठेही तुटलेला किंवा कापलेला नव्हता. खांद्यावरचा पट्टा आवळून धरणारी जी लहान कडी असते, तिच्यातून तो सरकत गेला होता, आणि पट्ट्याला तेलकट काहीतरी लागलेले होते.

"तेल असलं की कडी पकड घेत नाही," निरीक्षक म्हणाले. "गॅरेजात तेलाला काय तोटा?"

कलम ३०७ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा, गुन्हा दाखल झाला. धाकटे मालक गेले तर ते कलम ३०२ होणार होते.

दोन दिवसांनी खबर आली. खबर देणारा बसस्थानकावर फळे विकणारा होता. तो कोणाचे नाव कधी थेट घेत नसे. पिशवीत पेरू टाकताना हवालदारांना म्हणाला, "परळीची गाडी भरून जाती आजकाल. पाव्हणे लई झालेत लोकांचे तिकडं." हवालदारांना तेवढे पुरले. मिस्त्री परळीला मेहुण्याच्या घरी सापडला. पळाला नाही, उलट चपला घालून स्वतःच जीपमध्ये येऊन बसला.

माझा अनुभव असा की गुन्हा केलेला माणूस जितक्या वेळा पळतो, तितक्याच वेळा न केलेलाही पळतो. फरक सापडल्यानंतर दिसतो. गुन्हेगार आधी आपल्याविरुद्ध काय काय सापडले आहे ते चाचपतो. मिस्त्रीने ठाण्यात पाय ठेवताच विचारले, "धाकटे मालक शुद्धीवर आले का?"

चौकशी मी स्वतः केली. मिस्त्री पन्नाशीचा, बोटे काळी, बोलणे हळू.

"भांडण कशावरून झालं?"

"तळ्यावरनं, मॅडम. मी म्हनलं, मालक, तळ्यात गाडी फिरवू नका. आमच्या घरच्या बी बाया तिथनंच पानी नेतात. धूळ बसती झिऱ्यात. तर म्हनले, तू पट्टे बसव, मला अक्कल शिकवू नको. मग मी बी बोललो."

"काय बोललास?"

त्याने मान खाली घातली. "म्हनलं, एक दिवस त्याच झिऱ्यात पडताल."

हे वाक्य ऐकलेले साक्षीदार आमच्याकडे होते.

"बोललो, मॅडम. रागात बोललो. पन काम रागात न्हाई केलं." एवढे म्हणून तो पहिल्यांदा मोकळा बोलू लागला. गाडीचा पत्रा पातळ असतो, त्याला नुसता बोल्ट मारला तर झटक्याने पत्राच फाटतो. म्हणून त्याने खालून जाड लोखंडी पाट्या घातल्या होत्या. खांद्यावरचे पट्टे सीटच्या मागे सरळ नेले होते, खाली ओढले नव्हते, नाहीतर धक्का बसला की मणक्यावर भार येतो. कडीतून पट्टा माघारी घेऊन त्याने स्वतः सीटवर बसून, पाय टेकून जोर लावून पाहिला होता. "मी तेल लावीन कशाला? लावायचंच असतं तर बोल्टच अर्धा सोडला असता. कुनाला कळलं बी नसतं."

"हे बोलणं तुझ्या बाजूचं नाही," हवालदार म्हणाले.

"खरं हाय ते, हवालदारसाहेब. पन खरं हाय."

त्याला न्यायालयापुढे उभे केले आणि पोलीस कोठडी मिळाली. ठाण्याबाहेर त्याची बायको दोन दिवस डबा घेऊन बसायची आणि संध्याकाळी उठून जायची. तिसऱ्या दिवसापासून तिच्या शेजारी कोणी बसेना. गावात तोपर्यंत निकाल लागून गेला होता.

त्याच दिवशी दुपारी मी गाडीपाशी पुन्हा गेले. एखादी गोष्ट मनाला पटत नसली की मी ती वस्तू पुन्हा हातात घेऊन बघायचे. वडिलांनी लावलेली सवय. ते परळीच्या वीज केंद्रात होते आणि बिघाड कागदावर नाही, यंत्रावर शोधावा असे म्हणायचे. चालकाच्या बाजूचे पट्टे तळ्याच्या धुळीने माखले होते. गंमत अशी की कमरेवर धूळ सुकी होती आणि खांद्यांवर तिचा चिखल झाला होता. म्हणजे तेल लावलेच होते तर फक्त खांद्यांना. मग शेजारच्या रिकाम्या सीटचे पट्टे पाहिले. त्यांवर कापडी आवरण होते, धूळ आत गेली नव्हती. त्यांनाही तेल होते. तितकेच, तसेच, खांद्यांपुरते आणि कडीपर्यंत.

मी तिथेच थांबले. धाकटे मालक नेहमी एकटे गाडी चालवत. त्यांचा जीव घ्यायचा असेल तर शेजारच्या रिकाम्या सीटला कोण कशाला तेल लावेल?

बोटे ओशट झाली होती. मी आत येऊन पिंपातले तांब्याभर पाणी घेतले आणि साबण लावला. फेस लाल झाला.

ज्या घरात स्वयंपाक होतो त्या घरातल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. साबणाने लाल होते ती हळद. मी बोटे नाकाशी नेली. साबणाखाली वास होता तो गॅरेजच्या तेलाचा नव्हता. तुपाचा होता.

दवाखान्यातून आलेले कपड्यांचे पाकीट मी पंचांसमोर उघडायला लावले. शर्ट पांढरा होता. धुळीखाली दोन्ही खांद्यांवर पिवळे डाग होते.

हवालदारांनी डोके खाजवले. "मॅडम, ह्ये मालक कुणाच्या हळदीला गेलते का काय?"

"श्रावणात कोण लग्न लावतं, हवालदार?"

"ते बी खरंच." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, पण मनात आलेला शब्द कोणीच उच्चारला नाही, कारण तो गाडीच्या बाबतीत उच्चारणे वेडेपणाचे वाटत होते.

माझे आजोळ लिंबागणेशजवळ होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा वाटीत तूप आणि हळद कालवून गोठ्यात जायचे. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्या घट्ट्यांवर ते दोन्ही हातांनी तूपहळद चोळायचे, हळू, बैल डोळे मिटेपर्यंत. याला खांदेमळणी म्हणतात. मी इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलेली, नाक मुरडणारी मुलगी. आजोबा माझाही हात धरून त्या खांद्यावर ठेवायचे. तो ऊबदार, ओशट, जड खांदा माझ्या तळहाताला अजून आठवतो. चाळीस वर्षे झाली होती, आजोबा नव्हते, गोठा नव्हता, आणि मी मात्र ठाण्यातल्या पिंपाशी उभी राहून तोच वास घेत होते.

हवालदारांना घेऊन मी अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. बंगल्यामागे गोठा होता. त्यात रिकाम्या दावणीला टेकून एक म्हातारा बसला होता. अध्यक्षांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा सालगडी, सगळे त्याला नाना म्हणत. धाकट्या मालकांना त्याने खांद्यावर बसवून वाढवले होते, हे गावात कोणीही सांगितले असते.

मी समोरच्या कट्ट्यावर बसले. "नाना, बैल कुठे आहेत?"

"छावणीत. हरण्या आन् मोत्या. उन्हाळ्यापास्नं तिथंच." (माणसांची नावे देत नाही, बैलांची द्यायला हरकत नाही.)

"तुम्ही जाता का बघायला?"

"मालक म्हनले, बंगल्यावर कुनी पायजे. एकदा गेलतो. चारा मिळतुया, न्हाई म्हनत न्हाई मी. पन येवढ्या जनावरांत अंगावरनं हात कोन फिरवतंय? मोत्यानं मला बघितलं आन् दावंच तोडाय लागला. मग पुन्यांदा न्हाई गेलो."

"पोळ्याला आणले नाहीत?"

"हिकडं पाण्याची सोय न्हाई म्हनले. बराबर हाय त्येंचं." त्याने रिकाम्या दावणीवर हात फिरवला. "सांजच्याला सवयीनं वाटी घिऊन हितं आलो. हळद कालवलती. म्हनलं, आता ह्ये लावायचं कुनाला? तेवढ्यात धाकटे मालक आले. म्हनले, नाना, त्वांड कावून पाडलंया? ह्यो घ्या तुमचा बैल, ह्येचे खांदे मळा. हसतच म्हनले. मी बी हसलो. मग म्हनलं, मळतो की. खांदं तर हायेतच त्याला."

"दोन्ही सीटचे मळलेत?"

नानाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी काहीतरी फारच अडाणी विचारले होते. "बाई, एकाच बैलाचे खांदे कोन मळतं? जोडी असती."

हवालदारांची लेखणी थांबली. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले.

"पट्टे काढून धुतले, वाळवले, तूप लावलं," नाना सांगत राहिला. "त्या कड्यांना बी लावलं. वेसनीला लावतो तसं, मऊ राहावं म्हनून. लई जीव लावून केलं. दुसऱ्या दिशी सकाळी बघितलं तर गाडी कशी झळाळत हुती." मग तो आमच्याकडे आळीपाळीने पाहू लागला. "कावून इचारताय, बाई?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. चौकशीत उत्तरे आपण काढतो. कधीतरी आपल्यालाही एक द्यावे लागते. मी सांगितले. कमीत कमी शब्दांत, पण सगळे.

नानाने आपले तळहात उताणे केले आणि बघत राहिला. नंतर ते धोतराला पुसले. पुन्हा बघितले, पुन्हा पुसले.

"मग मला न्या," तो म्हणाला. "त्या मिस्त्रीला सोडा. त्येची बायकू दोन दिस झाले तिथं बसतीया म्हनं."

अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले होते. किती ऐकले कोण जाणे. "नाना, आत जा तुम्ही." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हे लिहू नका. म्हातारं हाय. घरातलं माणूस हाय. मिस्त्रीचं चाललंय तसं चालू द्या, पुढं कोर्टात बघू."

"मिस्त्रीही कोणाच्या तरी घरातलं माणूस आहे, साहेब."

"पोरगं शुद्धीवर न्हाई माझं."

"म्हणूनच नीट लिहायला हवं."

कारखान्याच्या सभेत टेबलावर हात आपटणारा तो माणूस गोठ्याच्या दारात लहान मुलासारखा उभा होता. मुलासाठी कोणाला तरी शिक्षा व्हायला हवी होती, आणि आता ती आपल्याच घराकडे येत होती. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली. जबाब मी तिथेच बसून नोंदवला आणि नानाला वाचून दाखवला. त्याने अंगठा उठवला. शाई लागलेला अंगठा मात्र त्याने पुसला नाही.

पुढचे काम रीतसर झाले. मोटार वाहन निरीक्षकांना पुन्हा बोलावले. पंचांसमोर रिकाम्या सीटचा पट्टा दोन अंमलदारांनी ओढला. तो कडीतून सरकत गेला. मग तोच पट्टा आणि तीच कडी साबणपाण्याने धुतली, फेस लाल झाला, सुकवून मिस्त्रीने सांगितले तशी पुन्हा ओवली आणि परत ओढली. अंमलदार घामाघूम झाले, पट्टा हलला नाही. पट्ट्याचे तुकडे प्रयोगशाळेला पाठवले. मिस्त्रीविरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ खालचा अहवाल मी न्यायालयात दिला आणि तो सुटला.

बाहेर त्याची बायको उभी होती. तिने डबा पुढे केला. मिस्त्रीने तो तिथेच पायरीवर बसून उघडला आणि दोन घास झाल्यावर मला म्हणाला, "नानाला काय करू नका, मॅडम. त्येनं माझ्या पट्ट्याला ईदच्या कपड्यासारखं जपलं, अन् मी इकडं कोठडीत शिव्या घालीत हुतो, कुना हरामखोरानं तेल लावलं म्हनून."

पण नानाचे काय करायचे, हे माझ्या एकटीच्या हातात नव्हते. हयगयीने जीव धोक्यात घातल्याचे कलम लागू शकत होते, आणि धाकटे मालक गेले असते तर प्रश्न आणखी कठीण झाला असता. नानाने जेवण सोडले होते. दिवसभर दावणीशी बसायचा. अध्यक्षांच्या घरच्या बायका ताट ठेवायच्या आणि उचलायच्या. शेवटी हवालदारांनी मला न विचारता एक गोष्ट केली. छावणीच्या बंदोबस्ताला जाणाऱ्या जीपमध्ये त्यांनी नानाला बसवले आणि हरण्या-मोत्यापाशी सोडले. संध्याकाळी परत आणले तेव्हा नानाने अर्धी भाकरी खाल्ली, असे त्यांनी येऊन मला सांगितले, आणि स्टेशन डायरीत यातले काही लिहिले नाही. मीही विचारले नाही.

धाकटे मालक शुद्धीवर आले. डॉक्टरांच्या परवानगीने मी जबाब घ्यायला गेले. डोक्याला पट्ट्या, दोन्ही खांदे बांधलेले. मी गोठ्यातली हकीकत सांगताच त्यांनी डोळे मिटले.

"मीच सांगितलं होतं त्यांना," ते म्हणाले. "आणि मॅडम, पट्टा ओढताना हाताला तूप लागलं होतं. मला कळलं होतं. नानानं खरंच मळले म्हणून मी हसलो, हात पँटला पुसला आणि गाडी सुरू केली. हे लिहून घ्या. हे आधी लिहा."

मी लिहून घेतले.

"नाना जेवतात का?" त्यांनी विचारले.

नानावर गुन्हा झाला नाही. धाकट्या मालकांवर मात्र बेदरकारपणे गाडी चालवल्याचा झाला. झिऱ्यावर बायका होत्या, हे मी विसरले नव्हते. अध्यक्षांनी त्याला हरकत घेतली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तळ्यात पाणी आले आणि धाकट्या मालकांचे ते मैदान बुडाले. माझ्या बदलीचा आदेश आला होता. जाण्याआधी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्या गावावरून गेले आणि बंगल्यामागे जीप थांबवली. मिस्त्रीही तिथे होता, जुन्या जीपखाली आडवा. तो खालूनच म्हणाला, "सलाम मॅडम. आता गिऱ्हाइकाला पैला सवाल करतो, घरी बैल हाय का?"

गोठ्यात हरण्या आणि मोत्या परत आले होते. धाकटे मालक वाटी हातात घेऊन बैलाशी उभे होते. एक खांदा त्यांचा कायमचा खाली राहिला होता. नाना दूर उभा, हात पाठीमागे.

"तुमीच लावा, मालक. माझा हात नगं."

धाकटे मालक लावू लागले. भिंतीला रंग द्यावा तसे.

"आसं न्हाई," नाना दुरून म्हणाला. "जू बसतं तिथं. वरच्या अंगानं या. जोर लावा की, मालक, बैल हाय त्यो, पाव्हणा न्हाई."

"मग तुमी दाखवा."

नाना जागचा हलला नाही. तेव्हा धाकट्या मालकांनी वाटी खाली ठेवली, शर्टाचे वरचे बटण सोडले आणि आपला मोडका खांदा नानापुढे केला. "आधी ह्येला लावा. पावसाळ्यात ठणकतोय लई."

"तुमी काय बैल हाव का?"

"तुमीच मोठा केलाय. तुमाला म्हाईत."

नानाने बराच वेळ घेतला. मग वाटीत दोन बोटे बुडवली. मी जीपकडे परत गेले. ते बघायला मी तिथे थांबणे बरे नव्हते.

या केसने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर कायद्याचे उत्तर सोपे आहे: तेल दिसले की गॅरेज आठवू नये, आधी हात धुऊन बघावा. पण त्याहून मोठी गोष्ट मला सेवेत असताना कळली नाही. आता, घर रिकामे झाल्यावर कळते. ज्याच्या अंगावरून हात फिरवायचा तो जवळ नसला की माणूस हाताशी असेल त्याला जीव लावतो, आणि तो जीव कुठे अपाय करील हे त्याला कळत नाही. नानाचा गुन्हा असलाच तर तो हा होता. नातवंडे दूर असलेल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला तो करता येईल.

म्हणून तुम्हा दोघांना एवढेच सांगते. पट्टे मळले तर नुसत्या पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवा. कड्यांना काहीही लावू नका. खाली लोखंडी पाटी घातली आहे ना, ते एकदा बघून मला कळवा.

आणि तुमची ती लहानपणची सायकल अजून मागच्या व्हरांड्यात आहे. दर महिन्याला मी ती पुसते. चेनला तेल घालते, आणि ब्रेकला एक थेंबही लागू देत नाही. तुम्ही याल तेव्हा ती चालवायला तुम्ही फार मोठे झालेले असाल, हे मला माहीत आहे.